आठवी वाट

सॅगिनॉ, मिशिगन. मार्च संपत आला तरी
बर्फ गटाराच्या कडेला मळकट बसून आहे.
स्टँडवर एकोणसत्तर सालच्या नोव्हाचं इंजिन,
उलटं, पोट उघडं,
सिलिंडरच्या तोंडाशी झिजून झालेली कड,
नख अडकेल इतकी.
मालक म्हणतो, मला पॉवर पाहिजे.
सगळे हेच म्हणतात.
अजून कुणी म्हटलं नाही, मला तेलाचा दाब पाहिजे.

बोअर तीस थाऊ वाढवला.
क्रँक घासला, बेअरिंगमधली फट
हिरव्या मेणचट धाग्याने मोजली.
केसाहून बारीक गोष्टींवरून
आमच्या धंद्यात माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.
कॅम नवा: व्हॉल्व्ह जास्त उचलणार,
जास्त वेळ उघडा ठेवणार,
सिग्नलला उभी गाडी लंगड्यासारखी डुलणार.
डुलू दे. त्याचेच तर पैसे घेतो.

राहिली हेड्स.
हवा आत यायच्या आठ वाटा.
ग्राइंडर एका हातात, दुसऱ्याचं बोट पुढे,
डोळ्यांचा इथे उपयोग नाही.
हवेला कोपरे चालत नाहीत,
ओतकामात राहिलेली प्रत्येक शिवण तिला टोचते,
म्हणून मी शिवणी काढते, एकेक,
रेडिओ बंद करून.

सातवी झाली तेव्हा रात्रीचे नऊ.
आठवीत, वळणाच्या आत,
बोट कशावर तरी चढलं.
टॉर्च लावली.
उंचवटा. लांबट, एका बाजूला जरा खोल रुतल्यासारखा,
अंगठ्याएवढा.

हे हेड इथलंच, नदीकाठच्या फाउंड्रीतलं.
वाळूचा गाभा साच्यात ठेवताना
कुणाचा तरी अंगठा जोरात दाबला गेला असेल.
वाळूत खड्डा, म्हणजे लोखंडात उंचवटा.
पन्नासहून जास्त वर्षं हवा
त्याला वळसा घालून जात होती.

माझे वडील, एउसेबिओ त्रांकोसो,
गाभ्यांच्या खात्यात सव्वीस वर्षं, दुसरी पाळी.
पण पाळ्या तीन होत्या
आणि अंगठे शेकडो.
मला हिशेब येतो.
घरी यायचे तेव्हा नाकपुड्या काळ्या.
आई त्यांच्या उशीचे अभ्रे वेगळे धुवायची.
शेवटच्या वर्षी अंगणाच्या तीन पायऱ्या
ते दोन दमांत चढायचे,
आणि मधल्या पायरीवर
हवामानाबद्दल काहीतरी बोलायचे,
थांबायला निमित्त म्हणून.

मी ग्राइंडर खाली ठेवला.
उद्या बघू म्हटलं.

सकाळी ड्वेन होस्टेटलर माझ्याआधी हजर.
हेड फ्लो-बेंचवर चढवलेलं, पंखा घोंघावतोय.
"आठवीत घोडं पेंड खात होतं," तो म्हणाला,
"आत गाठ होती. काढली. आकडा बघ."
आकडा चांगला होता.
मी बोट घालून पाहिलं.
गुळगुळीत, माझ्या सातांपेक्षाही.
वडिलांच्या हाती पडलं असतं तर
त्यांनी हेच केलं असतं,
वर तो गाभा कुणी ठेवला म्हणून
शिव्या घातल्या असत्या, स्पॅनिशमध्ये.
"छान," मी म्हटलं.
ड्वेनने दोन कपांत कॉफी ओतली.

पुढचं रोजचंच.
हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, पासष्टपर्यंत.
टायमिंग चौतीस अंश.
जेट दोन नंबर मोठे, मग प्लगचा रंग पाहून
एक नंबर परत मागे.
डायनोवर तीनशे ब्याऐंशी घोडे,
पाच हजार सहाशे फेऱ्यांना.
भिंतीवरचे पाने खिळ्यांवर खुळखुळले.
मालकाने टोपी काढून परत घातली.
शुक्रवारी ड्रॅग-स्ट्रिप, म्हणाला, येशील ना?
म्हटलं, बघू. घोडामैदान जवळच आहे.

संध्याकाळी बेंच झाडलं.
चुंबकावर करडी दाढी उगवली होती,
आठही वाटांचा कीस, एकात एक.
उगाच दिव्याखाली धरून पाहिला.
कुठला कण कुठल्या वाटेचा,
चुंबकाला काय त्याचं.

मग कापडाने पुसला. हात धुतले, दोनदा.
नखांत राहिलं ते राहिलं.